नवा कन्सोल घेताना जुन्या डिस्कांचं काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: विक्रोळीत राहणाऱ्या एकाकडे पीएस४ (सोनीचा प्लेस्टेशन ४ हा गेम कन्सोल) आहे, त्याच्या पस्तीसेक डिस्क आहेत आणि दहा-बारा डिजिटल, म्हणजे डाउनलोड करून घेतलेले गेम. माळ्यावर एक्सबॉक्स ३६०च्या डिस्कांची पिशवी आहे आणि धाकट्या भावाकडे निन्टेंडो स्विच. आता पीएस५ घ्यायचाय. दुकानदार सांगतोय, "डिजिटल एडिशन घ्या, स्वस्त पडेल, सीडीचा जमाना गेला." मग जुन्या डिस्क विकाव्यात का, आणि पुढचे गेम डिस्कवर घ्यावेत की डिजिटल?

माझं उत्तर आधी सांगतो: डिस्क ड्राइव्हवाला पीएस५ घ्या (डिजिटल एडिशनला तो नसतो) आणि नव्या कन्सोलवर प्रत्येक डिस्क लावून बघेपर्यंत एकही विकू नका. पुढच्या खरेदीला मात्र एकच नियम लावू नका. गेमागणिक ठरवा. काही गेमच्या बाबतीत डिस्क खरोखरच गेम असते, काहींच्या बाबतीत ती फक्त कुलपाची किल्ली असते. हा फरक विकत घेण्याआधी कळला की बाकीचं बरंचसं आपोआप सुटतं.

हिशोब आधी. पीएस५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ला आला तेव्हा ड्राइव्हवाला ४९,९९० रुपयांना होता आणि डिजिटल ३९,९९०ला. म्हणजे फरक दहा हजारांचा. पुढे किमती बदलल्या तरी फरक साधारण तेवढ्याच घरात राहिला. तुमच्या पस्तीस डिस्कांतले फक्त वीस गेम पुन्हा खेळावेसे वाटले आणि ते सेलमध्ये प्रत्येकी हजाराला डिजिटल घ्यावे लागले, तरी वीस हजार गेले. दुकानदार सांगतो ती बचत दोन सेलमध्ये उलटी फिरते. शिवाय ड्राइव्ह नसलेल्या डिजिटल एडिशनवर डिस्कचा पीएस४ गेम कोणत्याही मार्गाने चालत नाही. डिस्क दाखवून तिची डिजिटल प्रत करून देण्याची सोय सोनी देत नाही.

पीएस४चे गेम पीएस५वर इतके सहज का चालतात ते समजून घ्या, म्हणजे पीएस३चे का चालत नाहीत तेही कळेल. पीएस४ आणि पीएस५ दोन्हींमध्ये एएमडी कंपनीचा आठ कोरांचा एक्स८६ (घरच्या कॉम्प्युटरसारख्या बांधणीचा) प्रोसेसर आहे आणि ग्राफिक्स चिपही एकाच घराण्यातली. पीएस४ प्रोच्या ग्राफिक्स चिपमध्ये ३६ कॉम्प्युट युनिट (चित्राचे हिशोब करणारे भाग) होती, पीएस५मध्येही ३६च ठेवली. त्यामुळे जुना गेम आला की नवा कन्सोल जुन्यासारखा वागू शकतो, भाषांतराचा थर फारसा लागत नाही. पीएस४चे चार हजारांहून जास्त गेम चालतात ते यामुळेच. शॅडवेन, रॉबिन्सन: द जर्नी, वी सिंग असे मोजकेच अडतात, आणि स्टोअरमध्ये त्यांच्यावर फक्त पीएस४वर चालतो असं लिहिलेलं असतं. पीएस३मध्ये मात्र सेल नावाचा अगदी वेगळ्या बांधणीचा प्रोसेसर होता. त्याची नक्कल करणं जड काम आहे, म्हणून सोनी इतर काही देशांत पीएस३चे गेम सर्व्हरवर चालवून स्ट्रीम करते. भारतात ती स्ट्रीमिंगची सोय नाही. आपल्याकडे पीएस प्लस या सोनीच्या वर्गणीच्या सेवेचा वरचा प्लॅन प्रीमियम नसून डीलक्स आहे, तो त्याचमुळे. थोडक्यात, पीएस३, पीएस२ आणि पीएस१च्या डिस्क पीएस५मध्ये टाकण्यात अर्थ नाही. त्या ड्राइव्हवर साधी गाण्यांची सीडीसुद्धा वाजत नाही.

जुना कंट्रोलर टाकून देऊ नका. पीएस४चा ड्युअलशॉक ४ पीएस५ला जोडता येतो, पण त्याने फक्त पीएस४चे गेम खेळता येतात. पीएस५च्या गेमला त्याचा नवा कंट्रोलर, ड्युअलसेन्सच लागतो. मित्र आला की पीएस४ आवृत्तीच्या दोघांच्या गेमसाठी जुना कंट्रोलर मजेत कामाला येतो.

आता कोणता पीएस५. सेकंडहँड घेणार असाल तर इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात. २०२० ते २०२३ मधल्या डिजिटल एडिशनला, म्हणजे सीएफआय-१०००, ११०० आणि १२०० या मालिकांना, ड्राइव्ह नंतर कधीच बसत नाही. नोव्हेंबर २०२३मध्ये आलेल्या स्लिम मॉडेलला, म्हणजे सीएफआय-२००० मालिकेपासून पुढे, ड्राइव्ह वेगळा घेऊन बसवता येतो. मॉडेल क्रमांक कन्सोलवरच्या लेबलवर छापलेला असतो, आणि मालिकेच्या आकड्यानंतरचं ए म्हणजे ड्राइव्हवाला, बी म्हणजे डिजिटल. "ड्राइव्ह नंतर लावता येईल" असं विक्रेता म्हणाला तर कन्सोल उलटा करून हे लेबल वाचा, नुसत्या शब्दावर जाऊ नका.

सुटा ड्राइव्ह बसवताना एक अट आहे. पहिल्यांदा जोडताना कन्सोल इंटरनेटवर जाऊन त्या ड्राइव्हची नोंद करतो. ही नोंद झाल्याशिवाय डिस्क वाचली जात नाही. ड्राइव्ह दुसऱ्या कन्सोलवर नेला की पुन्हा नोंद. जुन्या, बांधीव ड्राइव्हच्या मॉडेलमध्येही ड्राइव्हची इलेक्ट्रॉनिक पाटी (सर्किट बोर्ड) कन्सोलच्या मुख्य पाटीशी, मदरबोर्डशी जुळवलेली असते. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर दुरुस्तीला दिलात आणि कारागिराने दुसऱ्या कन्सोलमधला अख्खा ड्राइव्ह काढून लावला, तर मोटर फिरेल पण डिस्क चालणार नाही. योग्य दुरुस्ती म्हणजे लेझर किंवा यंत्रणा बदलायची आणि मूळची पाटी तीच ठेवायची. कन्सोल देतानाच हे बोलून घ्या, आणि मूळ पाटी परत मागा.

यापेक्षा मोठा गैरसमज जागेचा आहे. डिस्क घेतली म्हणजे कन्सोलमधली जागा वाचते असं अनेकांना वाटतं. तसं होत नाही. पीएस४पासूनच डिस्कवरचा सगळा डेटा आत कॉपी होतो, नंतर डिस्क फक्त परवाना म्हणून ड्राइव्हमध्ये असावी लागते. मूळ पीएस५मध्ये ८२५ जीबीपैकी ६६७ जीबीच हाताशी येतात. शंभर जीबीचे सहा गेम टाकले की सातव्याला जागा उरत नाही, मग ते डिस्कवरचे असोत की डिजिटल.

डिस्क वाचवते ते डाउनलोड, आणि तेही प्रत्येक वेळी नाही. १०० एमबीपीएसच्या लाइनवर ५० जीबी उतरायला कागदावर तास-सव्वा तास लागतो, संध्याकाळी सोसायटीतली सगळी लाइन भरलेली असली की दुप्पट. फायबरच्या "अनलिमिटेड" प्लॅनलाही महिन्याला बहुधा ३३०० जीबीची मर्यादा असते. ती गेमने सहसा ओलांडली जात नाही, पण घरात दोन कन्सोल आणि तीन टीव्ही असतील तर लक्ष असू द्या.

आता डिस्कवर नक्की काय असतं. पीएस५ची डिस्क १०० जीबीपर्यंतची असते. बरेचसे एकट्याने खेळायचे, गोष्टीवाले गेम त्यावर पूर्ण मावतात, आणि नेट नसतानाही सुरुवातीपासून शेवटपर्यंत खेळता येतात, फक्त पुढच्या दुरुस्त्यांचा पॅच नसतो. फायनल फँटसी ७ रीबर्थसारख्या मोठ्या गेमला दोन डिस्क दिल्या आहेत: एक डेटा डिस्क, जी एकदा इन्स्टॉल करून कपाटात जाते, आणि एक प्ले डिस्क, जी खेळताना लागते. सेकंडहँड घेताना दोन्ही आहेत ना ते बघा. नुसती प्ले डिस्क मिळाली तर तुमच्या हाती अर्धाच गेम आहे.

दुसऱ्या टोकाला २०२२चा कॉल ऑफ ड्यूटी: मॉडर्न वॉरफेअर २. त्याच्या पीएस५ डिस्कवर सुमारे ७० एमबी डेटा होता, बाकी सगळा गेम डाउनलोड. अशी डिस्क विकता येते, उधार देता येते, पण सर्व्हर बंद झाल्यावर ती रिकामी असते. आणि पूर्ण डेटा असूनही डिस्क निकामी होऊ शकते. युबिसॉफ्टच्या द क्रू या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ला बंद झाले. तो गेम एकट्याने खेळतानाही सर्व्हर मागायचा, त्यामुळे ज्यांनी डिस्क जपून ठेवली त्यांच्याकडे आज फक्त डबा उरला आहे. म्हणून डिस्क घेताना डब्याच्या पुढच्या आणि मागच्या बाजूची बारीक अक्षरं वाचा. "इंटरनेट आवश्यक" आणि "डाउनलोड आवश्यक" ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिलं असेल तर गेम सर्व्हरच्या आयुष्याएवढाच जगेल. दुसरं असेल तर डिस्क अपुरी आहे. डझ इट प्ले नावाचा स्वयंसेवकांचा गट नेट बंद ठेवून एकेक डिस्क तपासतो आणि निकाल जाहीर करतो. महागडी डिस्क घेण्याआधी त्यांची यादी बघायला दोन मिनिटं लागतात.

डिजिटलची बाजू कमकुवत आहे असं मात्र समजू नका. दोघं भाऊ आहात, म्हणून हे नीट वाचा. पीएस५मध्ये "कन्सोल शेअरिंग आणि ऑफलाइन प्ले" अशी सेटिंग आहे. ती एका अकाउंटसाठी एकाच पीएस५वर चालू ठेवता येते. भावानेही पुढे पीएस५ घेतला, तर ती त्याच्या कन्सोलवर चालू करा आणि तुमच्या कन्सोलवर तुम्ही तुमच्या अकाउंटने खेळा. एकदा घेतलेला डिजिटल गेम दोन घरांत, एकाच वेळी चालतो. डिस्कने हे शक्य नाही. अडचण एवढीच की ज्या कन्सोलवर ही सेटिंग बंद आहे, तिथे परवाना तपासायला नेट लागतं. म्हणजे नेट गेलं की तुमचे डिजिटल गेम अडतील, भावाचे चालतील. ही सोय सख्ख्या भावापुरतीच ठेवा. ऑनलाइन अर्ध्या किमतीत "शेअर्ड अकाउंट" विकणारे असतात, त्यांच्याकडून घेतलेला गेम मूळ मालकाने एक बटण दाबलं की जातो आणि दाद मागायला जागा नसते.

डिजिटल लायब्ररीचा जीव अकाउंटमध्ये असतो, आणि अकाउंट बहुतेक वेळा साध्या कारणांनी जातं. कॉलेजच्या ईमेलवर काढलेलं अकाउंट, कॉलेज संपल्यावर तो ईमेल बंद. मोठं दाखवायला खोटी जन्मतारीख टाकलेली, नंतर आठवत नाही, आणि सपोर्ट नेमकी तीच विचारतो. आज संध्याकाळी बसून एवढं करा: चालू ईमेल टाका, टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा, बॅकअप कोड कागदावर लिहून घराच्या फाइलमध्ये ठेवा आणि साइन-इन आयडीबरोबर नोंदवलेली जन्मतारीखही तिथेच लिहा. आणि पीएसएन (प्लेस्टेशन नेटवर्क) अकाउंटचा देश नंतर बदलता येत नाही. अमेरिकेचं अकाउंट उघडून त्यावर स्वस्त गेम घेण्याची युक्ती कोणी सुचवली तर लक्षात असू द्या, ती लायब्ररी कायम तिथेच राहणार आणि वॉलेट डॉलरमध्येच भरावं लागणार.

डिजिटल गेम स्टोअरमधून उतरवले जातात तेव्हा काय होतं? फोर्झा होरायझन ४ हा गाड्यांच्या शर्यतीचा एक्सबॉक्सचा गेम डिसेंबर २०२४मध्ये विक्रीतून काढला, कारण गाड्यांचे आणि गाण्यांचे परवाने मुदतीचे असतात. ज्यांनी आधी घेतला त्यांना तो अजून डाउनलोड करता येतो. नव्याला मात्र तो हवा असेल तर डिस्क शोधणं हा एक मार्ग उरतो. पीएस३चं स्टोअर बंद करण्याची घोषणा मार्च २०२१मध्ये झाली आणि लोकांच्या विरोधामुळे पुढच्याच महिन्यात मागे घेतली गेली, पण त्याच वर्षी त्या कन्सोलवरून थेट कार्डाने पैसे भरणं बंद झालं. निन्टेंडोने ३डीएस आणि वी यू या जुन्या कन्सोलच्या स्टोअरमधली विक्री २७ मार्च २०२३ला थांबवली. एक्सबॉक्स ३६०चं स्टोअर २९ जुलै २०२४ला बंद झालं. आधी विक्री थांबते आणि जुन्या खरेदीचं डाउनलोड काही काळ चालू राहतं. तो काळ किती हे आपल्या हातात नसतं, म्हणून बंद होण्याची घोषणा ऐकली की पहिल्याच आठवड्यात सगळी खरेदी उतरवून घ्यायची.

तर वाटणी अशी करा. कायम ऑनलाइन असणारे, मित्रांबरोबर खेळायचे गेम डिजिटल, कारण त्यांची डिस्क तशीही परावलंबी आहे आणि दर वेळी डिस्क बदलायचा त्रास नको. पाच-दहा जीबीचे छोटे, स्वतंत्र लोकांनी केलेले गेमही डिजिटल, त्यांची डिस्क बहुधा निघतच नाही आणि सेलमध्ये ते दोन-चारशेला मिळतात. मोठे, गोष्टीवाले, पाच हजारांच्या आसपास किमतीचे गेम डिस्कवर. मुंबईत सेकंडहँडची उलाढाल मोठी आहे. नवा गेम पहिल्या महिन्यात संपवून विकला तर बराच पैसा परत येतो, चार महिन्यांनी विकला तर तोच गेम नवाकोरा सेलमध्ये आलेला असतो आणि कोणी विचारत नाही. विकायचं ठरलं असेल तर उशीर करू नका.

लॅमिंग्टन रोड, हिरापन्ना किंवा मनीष मार्केटमध्ये डिस्क घेताना दोन गोष्टी बघायच्या: रिजन (डिस्क जगाच्या कोणत्या भागासाठी काढली आहे) आणि पृष्ठभाग.

पीएस४ आणि पीएस५ कोणत्याही देशाची डिस्क चालवतात, त्यामुळे दुकानदार "सगळं चालतं" म्हणतो आणि ते खरंही आहे. पण त्या गेमचं डीएलसी, म्हणजे डाउनलोडने मिळणारा जादा भाग, डिस्कच्या रिजनचंच लागतं. भारताचं स्टोअर युरोपच्या गटात मोडतं. डब्यावर १२, १६, १८ अशा आकड्यांची पेगी खूण (युरोपातली वयोमर्यादेची खूण) असेल तर भारतीय अकाउंटवरचं डीएलसी सहसा जुळतं. ई, टी, एम अशा अक्षरांची खूण असेल तर ती अमेरिकी प्रत आहे, तिला अमेरिकी अकाउंटवरचंच डीएलसी लागेल. आखाती देशांतून आलेल्या प्रतींवर दोन्ही प्रकारच्या खुणांचा भरवसा नाही. तिथे डब्याच्या कण्यावर आणि डिस्कवर छापलेला क्रमांक बघा: पीएस४ला सीयूएसए आणि पुढे पाच आकडे, पीएस५ला पीपीएसए आणि पाच आकडे. मग मोबाइलच्या ब्राउझरमध्ये भारतीय स्टोअरचं त्या गेमचं पान उघडा. पत्त्याच्या पट्टीत उत्पादनाचा कोड दिसतो, युरोपचा ईपीने सुरू होतो, अमेरिकेचा यूपीने, आणि पुढे तोच सीयूएसए किंवा पीपीएसए क्रमांक येतो. जुळला तर डीएलसी आणि सेव्ह (खेळाची साठवलेली प्रगती) दोन्ही जुळतील. क्रमांक वेगळा असेल तर एका प्रतीचा सेव्ह दुसऱ्या प्रतीत दिसत नाही, हे मात्र गेम विकून दुसरी प्रत घेताना लोकांना उशिरा कळतं.

पृष्ठभाग ट्यूबलाइटखाली तिरका धरून बघा, सरळ नाही. ब्लू-रे डिस्कमध्ये डेटाचा थर पृष्ठभागापासून फक्त ०.१ मिलिमीटर खाली असतो, डीव्हीडीत तो ०.६ मिलिमीटर खाली असतो. ब्लू-रेवर कठीण लेप असल्यामुळे ती सहज चरत नाही, पण एकदा खोल चरली की संपलं. डीव्हीडी, म्हणजे एक्सबॉक्स ३६० आणि पीएस२चे बहुतेक गेम, यंत्रावर घासून पॉलिश करता येतात. कोणी पीएस४ची डिस्क "पॉलिश करून देतो" म्हणाला तर नको म्हणा, त्या यंत्रात वरचा लेपच जातो. मध्यापासून कडेकडे जाणारी बारीक रेघ फारशी त्रास देत नाही. गोलाकार, ट्रॅकच्या दिशेने गेलेली रेघ धोक्याची. छापील बाजूही बघा, आणि मधल्या भोकाजवळ तडा नाही ना तेही. शक्य असेल तर दुकानातच कन्सोलमध्ये घालून इन्स्टॉल सुरू करा. खराब डिस्क सुरुवातीला ओळखली जाते आणि ठरावीक टक्क्यावर येऊन अडते, म्हणून नुसतं चित्र दिसलं म्हणजे डिस्क चांगली, असं धरू नका. डब्यातले कोड वापरून झालेले असणार हे गृहीत धरूनच किंमत ठरवा.

घरी आल्यावर पीएस४वरून पीएस५वर जाताना क्रम महत्त्वाचा आहे. दोन्ही कन्सोल अपडेट करा, दोन्हीवर तेच अकाउंट उघडा आणि पीएस४वर ट्रॉफी (गेममध्ये मिळवलेली बक्षिसं) सिंक करा. दोन्ही एका राउटरवर आणा. राउटरवरून दोन लॅन केबल टाकल्या किंवा एका केबलने दोन्ही कन्सोल थेट जोडले तर वायफायपेक्षा फार वेगाने होतं. पीएस५वर सेटिंग्ज, सिस्टम, सिस्टम सॉफ्टवेअर आणि मग डेटा ट्रान्सफर. कन्सोल सांगेल तेव्हा पीएस४चं पॉवर बटण बीप वाजेपर्यंत, साधारण एक सेकंद, दाबून धरा. मग काय आणायचं ते निवडा. सेव्ह नक्की आणा. गेम आणले तरी डिस्कवाल्यांना डिस्क लागणारच. पीएस४ला बाहेरची यूएसबी हार्ड डिस्क लावलेली असेल तर काम आणखी सोपं: ती नीट बंद करून काढा आणि पीएस५च्या मागच्या पोर्टला लावा, हबमधून नाही. पीएस४चे गेम त्यावरून थेट चालतात. पीएस५चे गेम अशा हार्ड डिस्कवर नुसते ठेवता येतात, खेळायला परत आत आणावे लागतात.

पीएस५च्या गेमसाठी जागा वाढवायची तर ती आतल्या एम.२ स्लॉटमध्ये, म्हणजे जादा एसएसडी (वेगवान साठवण) बसवायच्या खाचेत. पीसीआयई जेन ४, चार लेनचा एसएसडी, सोनीने सुचवलेला वाचनवेग सेकंदाला ५,५०० एमबी किंवा जास्त, आणि उष्णता शोषणारा हीटसिंक हवाच. हीटसिंकसकट एकूण जाडी ११.२५ मिलिमीटरच्या आत पाहिजे, नाहीतर झाकण बसत नाही. बाजारात मोठ्या पंख्यांचे हीटसिंक मिळतात, ते कॉम्प्युटरसाठी आहेत.

एक बारकी जागा इथे हमखास चुकते. पीएस४ डिस्क टाकल्यावर काही गेमना पीएस५ आवृत्ती फुकट किंवा थोड्या पैशांत मिळते. गेमच्या पानावर तीन टिंबांचं बटण दाबून आवृत्ती बघा, कारण कित्येकदा पीएस४चीच आवृत्ती उतरते आणि लोक महिनाभर तीच खेळत बसतात. ही सुधारित आवृत्ती खेळतानाही जुनी पीएस४ डिस्क आत असावी लागते. म्हणजे अपग्रेड घेऊन डिस्क विकता येत नाही. शिवाय पीएस४ आवृत्तीचा सेव्ह पीएस५ आवृत्तीला आपोआप दिसत नाही. आधी पीएस४ आवृत्ती पूर्ण अपडेट करून तिच्या मेन्यूत सेव्ह पाठवण्याची किंवा अपलोडची सोय आहे का ते शोधा, मग पीएस५ आवृत्तीत तो आयात करा. सगळे गेम ही सोय देत नाहीत, तेव्हा अर्धवट खेळलेला मोठा गेम असेल तर आधी तपासा. पीएस४चे सेव्ह पेनड्राइव्हवर काढता येतात. पीएस५ गेमचे सेव्ह काढता येत नाहीत, त्यांना पीएस प्लसचं क्लाउडच लागतं.

माळ्यावरच्या ३६०च्या पिशवीबद्दल. त्या डिस्क फक्त एक्सबॉक्स वन किंवा सिरीज एक्सच्या ड्राइव्हवाल्या मॉडेलमध्ये चालतील. सिरीज एसला ड्राइव्हच नाही. आणि तिथेही डिस्कवरचा डेटा वापरला जात नाही. कन्सोल डिस्क ओळखतो आणि नव्याने बांधलेला गेम नेटवरून पूर्ण उतरवतो, डिस्क फक्त पुरावा. ३६०चा प्रोसेसर पूर्ण वेगळ्या जातीचा असल्यामुळे प्रत्येक गेम वेगळा तपासावा लागला आणि प्रकाशकांची परवानगी घ्यावी लागली, म्हणून यादी ठरलेली आहे: ३६० आणि मूळ एक्सबॉक्स मिळून सहाशेच्या वर. शेवटची भर १५ नोव्हेंबर २०२१ला पडली. किनेक्ट या कॅमेऱ्यासमोर हातपाय हलवून खेळायचे गेम त्यात नाहीत. आणखी एक गोष्ट तुमच्या पिशवीला लागू पडण्याची शक्यता मोठी आहे: त्या काळी मुंबईत बरेच ३६० कॉपी डिस्क चालाव्यात म्हणून चिप बसवून विकले जायचे आणि सोबत कॉपी केलेल्या डीव्हीडी मिळायच्या. मार्करने नाव लिहिलेल्या डिस्क नव्या एक्सबॉक्सवर चालणार नाहीत. छापील, मूळ डिस्क वेगळ्या काढा, त्यांची नावं यादीत बघा, मगच त्यांच्यासाठी कन्सोल घेण्याचा विचार करा.

भावाच्या स्विचचं सोपं आहे. ५ जून २०२५ला आलेल्या स्विच २मध्ये जुनी कार्ट्रिज आणि डिजिटल गेम बहुतेक सगळे चालतात. निन्टेंडोचं भारतात अधिकृत वितरण नसल्यामुळे कन्सोल आयातीचाच मिळतो आणि वॉरंटी दुकानदाराच्या शब्दावर असते, तेव्हा ती बिलावर लिहून घ्या. जपानी भाषेपुरतं मर्यादित स्वस्त मॉडेलही बाजारात फिरतं, ते टाळा. जुनं मायक्रोएसडी कार्ड गेमसाठी चालत नाही, मायक्रोएसडी एक्सप्रेसच लागतं. नवी कार्ट्रिज घेताना डब्याच्या पुढच्या बाजूला खालच्या पट्टीत किल्लीचं चिन्ह आहे का बघा. ते गेम-की कार्ड: आत गेम नाही, फक्त डाउनलोडचा हक्क. ते विकता येतं, पण सर्व्हर असेपर्यंतच उपयोगी. सायबरपंक २०७७सारखा मोठा गेम ६४ जीबीच्या कार्डावर पूर्ण दिलेला आहे, त्यामुळे पूर्ण कार्ड देणं अशक्य नाही हे दिसतं.

विक्रोळीतल्या पावसाळ्यात डिस्कपेक्षा आधी डब्यातला कागद खराब होतो. बुरशी कागदावर धरते आणि तिथून डिस्कवर येते. माळा, बाहेरची ओल येणारी भिंत आणि स्वयंपाकघराजवळचं कपाट टाळा. रबरी पट्टीचा हवाबंद प्लॅस्टिकचा डबा घ्या, डिस्कचे डबे पुस्तकांसारखे उभे ठेवा, वीसेक लिटरच्या डब्यात ५०-१०० ग्रॅम रंग बदलणारं सिलिका जेल घाला. जून ते सप्टेंबर महिन्यातून एकदा बघा, रंग बदलला की ते ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन-तीन तास वाळवून परत वापरता येतं. डिस्कवर डाग पडला तर कोमट पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब, मऊ मायक्रोफायबरने मध्यापासून कडेकडे सरळ पुसा. गोल फिरवून पुसू नका. थिनर, ॲसिटोन, नेलपेंट रिमूव्हर बिलकुल नको. स्विचचं कार्ट्रिज वाचत नसेल तर त्याचे सोनेरी संपर्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने, कान साफ करायच्या कापसाच्या काडीने हलके पुसून दहा मिनिटं वाळू द्या.

पीएस४ विकण्याची घाई करू नका. शॅडवेनसारखे पीएस५वर न चालणारे गेम असतील तर तो लागेलच. कपाटात ठेवण्यापूर्वी त्याचं सिस्टम सॉफ्टवेअर ताजं करा. आत सीआर२०३२ नाण्याएवढी बॅटरी असते, ती संपली की कन्सोल वेळ विसरतो. सप्टेंबर २०२१मध्ये आलेल्या ९.०० आवृत्तीच्या आधीच्या सॉफ्टवेअरवर अशा वेळी सोनीचा सर्व्हर मिळाला नाही तर डिस्कसुद्धा सुरू होत नसे. ९.००पासून ती अडचण दूर झाली. हार्ड डिस्कवर आवडत्या गेमचे पॅच उतरवून ठेवा, पावसाळ्यात महिन्यातून एकदा अर्धा तास कन्सोल चालू करा, म्हणजे आतली ओल निघते, आणि बॅटरी बदलायची वेळ आली तर तीस-चाळीस रुपयांच्या त्या सेलसाठी कन्सोल पूर्ण उघडावा लागतो, तेव्हा त्याच बैठकीत पंखा साफ करून थर्मल पेस्टही बदलून घ्या.